रवांडाच्या साक्षी आणि संगणकाची भाषा

आफ्रिका खंडातील रवांडा या छोट्याशा देशात एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसांची कत्तल झाली. बळी पडलेले बहुसंख्य लोक तुत्सी होते; या हत्याकांडास विरोध करणारे अनेक हुतूही त्यांच्याबरोबर मारले गेले. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर कोयता उगारला होता, आणि वाचलेल्यांना पुढे पुष्कळदा त्याच टेकड्यांवर, त्याच बाजारात मारेकऱ्यांच्या शेजारीच राहावयाचे होते. अशा ठिकाणी सलोख्याच्या कार्यात संगणकाचे साहाय्य घेता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बात्या फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला.

या प्रश्नात भाषेचा वाटा फार मोठा आहे. द्वेषाचा प्रचार करणारे ‘आरटीएलएम’ हे खाजगी नभोवाणी केंद्र १९९३ मध्ये सुरू झाले. ते लोकांशी बोलत असे ते प्रामुख्याने किन्यारवांडा भाषेत, म्हणजे देशातील जवळजवळ प्रत्येकाच्या मातृभाषेत. गाणी, थट्टामस्करी आणि चिथावणी एकाच आवाजात घरोघर पोहोचत होती. उलट, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने नोव्हेंबर १९९४ मध्ये स्थापिलेले आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण टांझानियातील आरुशा या गावी बसले आणि त्याचा कारभार इंग्रजी व फ्रेंच भाषांतून चालला. या न्यायाधिकरणाने ९३ जणांवर आरोप ठेवले. ज्याँ-पॉल अकायेसू याच्या खटल्यात २ सप्टेंबर १९९८ रोजी दिलेला निकाल हा वंशसंहाराच्या गुन्ह्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरविल्याचा पहिलाच निकाल होय. बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते, असे त्यात मान्य झाले. परंतु ज्यांच्यासाठी हा न्याय होता, त्या खेड्यातील स्त्रीपुरुषांना तो दूरदेशीचा व परभाषेतला वाटावा, यात नवल नाही.

फ्रीडमन यांच्या पथकाने २००८ मध्ये न्यायाधिकरणाशी संबंधित ४९ व्यक्तींच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित केल्या. त्यांत न्यायाधीश, सरकारी पक्षाचे व बचाव पक्षाचे वकील, तपास अधिकारी होते, तसेच दुभाषीही होते. दुभाष्यांना या मालिकेत स्थान मिळाले, हे विशेष उचित झाले. न्यायालयाच्या प्रघातानुसार दुभाष्याला साक्षीदाराचे बोलणे प्रथमपुरुषी सांगावे लागते. म्हणजे पीडितेचा ‘मी’ आणि आरोपीचा ‘मी’ हे दोन्ही त्याच्याच तोंडून उमटतात. निकालपत्रात याचा मागमूसही राहत नाही.

मुलाखती घेणे हा कामाचा एक भाग झाला. त्या लोकांपुढे कशा ठेवाव्यात, हे ठरविणे अधिक अवघड होते. संपादित माहितीपट केला, तर संपादकाचा दृष्टिकोन प्रेक्षकावर लादला जाण्याचा धोका. म्हणून संपूर्ण मुलाखती उपलब्ध करण्यात आल्या आणि इतरांना त्यांचा पुनर्वापर करण्याची मोकळीक देणारा परवाना त्यांस जोडण्यात आला. जोडीला लहान लहान दृश्यखंड आणि किन्यारवांडातील अक्षरपट्ट्याही तयार झाल्या. अर्थात, ज्यास अक्षरओळख नाही त्यास पट्टी वाचता येत नाही. तेथे कोणी मोठ्याने वाचून दाखवावे लागते, नाहीतर आवाजच किन्यारवांडात द्यावा लागतो. संगणकाच्या पडद्यावरील योजना आखताना अशा मेळाव्याचाही विचार करावा लागतो, कारण एकट्याने पडदा पाहणारा शहरी वाचक हाच काही एकमेव प्रेक्षक नव्हे.

याहून मूलगामी विचार काळाचा आहे. काही प्रश्न एका मनुष्याच्या आयुष्यात सुटत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीची माहितीव्यवस्था अनेक आयुष्यांच्या मापाने आखली पाहिजे, अशी मांडणी फ्रीडमन व लिसा नाथन यांनी २०१० मध्ये केली. संगणकक्षेत्राला ही कल्पना मानवण्यासारखी नाही. तेथे दहा वर्षांपूर्वीची फीत चालविणारे यंत्र शोधावे लागते! सलोख्याच्या साधनाने मात्र जुन्या नोंदी नव्या यंत्रांत उतरवीत राहिले पाहिजे, आणि आज बोलण्यास न धजणाऱ्याला वीस वर्षांनी बोलता यावे म्हणून जागाही राखली पाहिजे. ती जागा खुली ठेवावी, तर तिच्यातून पुन्हा द्वेष शिरण्याची भीती आहे. फार बंद ठेवावी, तर वाचलेल्यांचाच आवाज अडतो. या दोहोंतील सीमारेषा कोणी आखावी, तंत्रज्ञांनी, शासनाने की पीडितांनी, यावर रवांडातील लोकांचे मत सर्वांत आधी घेतले गेले पाहिजे.

न्यायाधिकरणाचे कामकाज ३१ डिसेंबर २०१५ रोजी संपले. तेथील माणसे आपापल्या देशी परतली. १९९४ मध्ये जन्मलेल्या रवांडातील मुलांना आता स्वतःची मुले आहेत, आणि आरुशातील त्या ४९ जणांचे बोलणे ती मुले मोठी होईपर्यंत टिकवावयाचे आहे.