जलरंग आणि अल्कोहोल इंक : आधी रंग, मग फूल



चौथी-पाचवीच्या मुलांना 'एक फूल काढा' असं सांगून बघा. बऱ्याच वह्यांत तेच फूल दिसेल : मध्ये गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली दांडी आणि दोन पानं. ज्यांचा गोल वाकडा येतो ती मुलं खोडरबर घासत बसतात आणि हळूहळू "मला चित्रकला जमत नाही" असं म्हणायला लागतात. आजचा पाठ खास अशा मुलांसाठी आहे. यात पेन्सिल नाही, बाह्यरेषाही नाही. आधी रंग पसरू द्यायचा, मग त्यात फूल शोधायचं.

भाग १ : जलरंगाचं फूल (सर्व वयोगटांसाठी)

साहित्य : जाड कागद (३०० जीएसएमचा असेल तर उत्तम, साधा ड्रॉइंग पेपर ओला झाला की गोळा होतो), ८ नंबरचा गोल ब्रश, जलरंग, जाडं मीठ, पाण्याने न पसरणारं काळं पेन.

कृती :
१. ब्रशने कागदावर नुसतं स्वच्छ पाणी लावा. आकार ओबडधोबडच हवा. मधला रुपयाएवढा भाग कोरडा ठेवा.
२. पाणी चमकतंय तोवर कडेकडेने रंगाचे थेंब सोडा. गुलाबी, जांभळा, निळा असे शेजारचे दोन-तीन रंगच घ्या. लाल आणि हिरवा ओल्यात मिसळले की चिखल होतो.
३. ब्रश खाली ठेवा. आता कागद फक्त तिरका करायचा. मुलांना सर्वात अवघड हेच जातं!
४. चमक कमी होऊ लागली की मिठाचे चार-पाच खडे टाका. मीठ आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतं आणि तिथे फिकट चांदण्या उमटतात.
५. पूर्ण वाळल्यावर मीठ झटका. मग पेनने परागकण, दांडी, एखादी शीर काढा. पाच-सहा रेषा पुरेत.

पावसाळ्यात कागद वाळायला वेळ लागतो, म्हणून पेनचं काम दुसऱ्या दिवशीच्या तासाला ठेवा.

भाग २ : अल्कोहोल इंकचं फूल (आठवीपासून पुढे, मोठ्यांच्या देखरेखीखाली)

जलरंग कागदात मुरतो. अल्कोहोल इंकला मात्र न शोषणारा पृष्ठभाग लागतो. त्यासाठी महागडा सिंथेटिक कागदच हवा असं नाही. घरी उरलेली गुळगुळीत पांढरी टाइल मस्त चालते. इंकही महाग वाटली तर टाइलवर पर्मनंट मार्करने रंगाचे ठिपके गिरवा आणि त्यावर ड्रॉपरने आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक-एक थेंब सोडा. रंग विरघळून बाहेर धावतो, कडेला गडद किनार सोडतो आणि पाकळी तयार होते. पहिली वाळली की शेजारी दुसरी. फुगे फुगवायच्या हातपंपाने हलकी हवा मारली तर पाकळीला लाटा येतात.

काळजी : अल्कोहोल पटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवा. जवळ दिवा, उदबत्ती, गॅस नको. हेअर ड्रायर वापरू नका. नळीने फुंकायलाही देऊ नका, कारण फुंकताना मूल वाफ आत ओढतं. हातमोजे घाला, बाटली मोठ्यांच्या ताब्यात ठेवा. तयार टाइल थेट उन्हात ठेवली तर रंग उडतो आणि ती जेवणाच्या ताटाखालीही वापरायची नाही.

यात विज्ञान कुठे आहे?

ओल्या जलरंगावर अल्कोहोलचा एक थेंब टाकून दाखवा. रंग झटकन बाजूला सरतो आणि मध्ये फिकट वर्तुळ उरतं. पाण्याचा पृष्ठताण आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त असतो. त्यामुळे भोवतीचं पाणी द्रवाला आपल्याकडे खेचतं आणि रंग त्याच्यासोबत जातो. पृष्ठताण शिकवताना हा प्रयोग जरूर वापरा. व्याख्या नंतर सांगितली तरी चालेल.

चित्र झाल्यावर काय विचाराल?

"हे कोणतं फूल?" हा प्रश्न टाळा. तो विचारला की मूल पुन्हा जास्वंद-कमळाशी तुलना करू लागतं आणि आपलं चुकलं असं समजतं. त्याऐवजी विचारा : रंग कुठे थांबला? का थांबला असेल? कोणता भाग तू ठरवून केलास आणि कोणता आपोआप झाला? पुढच्या वेळी काय बदलशील? या प्रश्नांना चूक उत्तरच नाही. एरवी गप्प बसणारी मुलंही इथे बोलतात, कारण आपल्या कागदावर काय घडलं हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

पालकांनो, एक विनंती. मुलाच्या चित्रातली पाकळी 'जरा नीट' करून द्यायचा मोह होईल. तो आवरा. तुम्हाला हात चालवायचाच असेल तर दुसरा कागद घ्या आणि शेजारी बसून स्वतःचं फूल करा.

वर्गात चित्रं लावताना क्रमांक देऊ नका. प्रत्येक मुलाला आपल्या फुलाचं नाव ठेवू द्या आणि ते कसं घडलं याच्या दोन ओळी चित्राखाली लिहायला सांगा. कलेच्या तासाबरोबर मराठीचंही लेखन होऊन जाईल.