भाकरीत प्रथिनं किती? आणि वाचायचं काय?

प्रश्न : मी पारनेर तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. तालमीतले वस्ताद दूध-बदाम सांगतात, अकॅडमीतली मुलं प्रोटीन पावडर घेतात आणि मोबाइलवर रोज नवं डाएट येतं. व्यायाम आणि आहारावर भरवशाची पुस्तकं कोणती? शक्यतो मराठीतली सांगा.

उत्तर : पहिलं पुस्तक मराठीत नाही, तरी तेच आधी सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’. सी. गोपालन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं हे पुस्तक १९७१ मध्ये आलं, १९८९ मध्ये सुधारलं गेलं. पुढे २०१७ मध्ये संस्थेने देशभरातले नमुने नव्याने तपासून ‘इंडियन फूड कम्पोझिशन टेबल्स’ काढलं. दोन्हींपैकी जे हाती लागेल ते घ्या. इंग्रजीला बिचकू नका. बहुतेक पानांवर नुसते तक्ते आहेत आणि पदार्थांची मराठी नावंही दिलेली आहेत.

हेच आधी का? कारण यात तुमच्या घरातली बाजरी आहे. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ११ ग्रॅम प्रथिनं, हुलग्यात २२, शेंगदाण्यात २४-२५. आता दुपारचं ताट मांडू. दोन दणकट भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ लागलं, तर प्रथिनं झाली सोळा ग्रॅमच्या वर. पन्नास ग्रॅम हुलग्यांची उसळ किंवा माडगं, त्याची अकरा. मूठभर शेंगदाण्यांची सात. दिवसभरात दोन पेले दूध, त्याची तेरा. एवढ्यातच ४७ ग्रॅम होतात, आणि रात्रीचं जेवण अजून बाकी आहे. मोठ्या माणसासाठी संस्थेची शिफारस वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅमची, म्हणजे ६५ किलोच्या मुलाला ५४ ग्रॅम. रोज घाम गाळणाऱ्याला थोडी जास्त लागतात, पण तीही डाळ, अंडी, दही यांतून भरून निघतात. याच संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठी पावडरी घेऊ नका असं स्पष्ट बजावलंय. दूध-बदाम सांगणारे वस्ताद चुकत नाहीत. फक्त बदामाच्या पैशांत शेंगदाणे कितीतरी येतात, आणि प्रथिनांत ते बदामाला हार जात नाहीत.

बाजरीचं आणखी एक. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि ‘इक्रिसॅट’ ही पीक संशोधन संस्था यांच्या प्रयत्नांतून ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचं वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. घरी शेती असेल तर बियाण्याची चौकशी जरूर करा. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्यापेक्षा भाकरीवर लिंबू पिळा.

व्यायामावर मराठीत एक थोर काम झालंय आणि ते आज कुणाला फारसं ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’, दहा खंडांचा. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब, लाठी, सगळं त्यात आहे. दुकानात मिळणं कठीण. जुन्या ग्रंथालयांतच शोधावा लागेल. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, तिथे चौकशीपासून सुरुवात करा. मात्र त्या कोशावर १६०० मीटर निघणार नाही. भरतीच्या मैदानी ५० गुणांत या धावण्याला २० आहेत, १०० मीटर आणि गोळाफेकीला पंधरा-पंधरा. वेग वाढवायला घड्याळ लावून पळवणारा शिक्षकच हवा, ते काम कुठलंच पुस्तक करत नाही. पळून आखडलेल्या मांड्या-पोटऱ्यांसाठी बी. के. एस. अय्यंगारांचं ‘योगदीपिका’ ठेवा. मूळ इंग्रजी ‘लाइट ऑन योगा’ १९६६ चं. आसनांची छायाचित्रं इतकी स्वच्छ आहेत की पाय कुठे, टाच कुठे हे विचारावं लागत नाही.

घरातल्या पन्नाशीच्या माणसांसाठी डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणा. ऐन चव्वेचाळिशीत हृदयविकाराचा झटका आलेल्या डॉक्टराने स्वतःचं खाणं, चालणं, ताण सगळं तपासून लिहिलंय.

शेवटचं पुस्तक भरतीच्या कामाचं नाही, पण आपल्या जिल्ह्याचं आहे. डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, त्याची हकीकत त्यांनी ‘जामखेड’ या इंग्रजी पुस्तकात १९९४ मध्ये लिहिली. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बायका गावच्या आरोग्यसेविका झाल्या, कुपोषित मुलं हुडकू लागल्या, कुणाला काय खायला घालायचं हे घरोघर सांगू लागल्या. सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ बालकं दगावत होती. दोन दशकांत हा आकडा विशीच्या आसपास आला. आहाराचं ज्ञान माणसं कशी जगवतं, हे यात दिसतं.

‘एकवीस दिवसांत’ काहीतरी करून दाखवणारी पुस्तकं मात्र सरळ बाजूला ठेवा. आणि पावडरचा डबा घेण्याआधी आठवडाभर घरचं खाणं तागडीवर तोलून वहीत उतरवा, तक्त्याशी ताडा. कमी काय पडलं ते आम्हाला लिहा. पुढचं उत्तर त्यावरूनच देऊ.