सीमधले स्टेटस कोड: काय करावे, काय टाळावे

सी भाषेत एक्सेप्शन नाही. काही बिघडलं की फंक्शन बहुधा एक आकडा किंवा नल परत करतं. ते तपासणं आपल्यावर. रत्नागिरीत तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकीला सी शिकणाऱ्यांनी ही सवय पहिल्या प्रॅक्टिकलपासून लावून घ्यावी. समजा, मिरकरवाडा बंदरावरच्या मासळी लिलावाच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे.

काय करावे

• एफओपननंतर लगेच नल तपासा.

• एफक्लोजचा निकालही बघा. एफप्रिंटएफने लिहिलेलं आधी बफरमध्ये साठतं, त्यामुळे पेन ड्राइव्ह भरल्याचं कित्येकदा फाइल बंद करतानाच कळतं. हे तपासलं नाही तर स्क्रीनवर ‘नोंद झाली’ दिसेल आणि सुरमईचा भाव फाइलमध्ये नसेल.

• चुकीचं कारण सांगणारा एरनो अपयश दिसल्यावरच वाचा, तोही ताबडतोब. मध्ये एखादा प्रिंटएफ आला तरी एरनो बदलू शकतो. मजकुरातून आकडा काढणाऱ्या स्ट्रटॉलच्या आधी एरनो स्वतः शून्य करा. लायब्ररी करत नाही.

• फंक्शनच्या शेवटी एकाच जागी आवराआवर करायला गोटू खुशाल वापरा. मात्र अंतिम निकालाचा व्हेरिएबल वेगळा ठेवा, त्याची सुरुवात अपयशाने करा आणि यश अगदी शेवटच्या पायरीनंतरच लिहा. ॲपलच्या एसएसएल कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ कोणत्याही अटीशिवाय चालायची. तेव्हा स्टेटसमध्ये आधीच्या पायरीचं शून्य, म्हणजे यश, असायचं. सही न तपासताच जोडणी मान्य व्हायची. फेब्रुवारी 2014 मध्ये ही चूक दुरुस्त झाली. इफला कंस घालायचा कंटाळा करू नका, तो याचसाठी.

काय टाळावे

• ‘शून्य म्हणजे यश’ आणि ‘शून्य म्हणजे नाही’ या दोन पद्धती एकत्र करू नका. 2014 मध्येच ग्नूटीएलएस या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीत हेच सापडलं: प्रमाणपत्र तपासताना आलेला उणे एरर कोड ‘हो’ म्हणून वाचला जात होता. शून्य सोडून प्रत्येक आकडा सीच्या लेखी खराच.

• भाव वाचायला एटॉय नको. ‘अबक’ आणि ‘0’ दोन्हींना ते शून्यच देतं.

• एफगेटसीचं उत्तर कॅरमध्ये घेऊ नका, इंटमध्ये घ्या. नाहीतर ईओएफ खात्रीने ओळखता येत नाही.

• रिॲलॉकचा निकाल थेट जुन्या पॉइंटरमध्ये टाकू नका. नल आला तर जुन्या मेमरीचा पत्ताच हरवतो.

• कंपायलरच्या वॉर्निंग दाबू नका. सी23 मधलं नोडिस्कार्ड आपल्या फंक्शनांना लावलं, तर न वाचलेला कोड कंपायलरच दाखवून देतो.