घरट्यांतून पडलेलें पिल्लूं

वैशाखाचा शेवट आणि ज्येष्ठाची सुरुवात हा खानदेशांत पांखरांच्या पिल्लांचा मोठा कठीण काळ होय. जळगांवचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि त्याच दिवसांत पावसापूर्वींचें वादळ येतें. रावेर-यावलकडील केळीच्या बागा ज्या वाऱ्यानें आडव्या होतात, त्याच वाऱ्यानें निंबावरचीं, चिंचेवरचीं आणि बाभळीवरचीं घरटीं खालीं येतात. दुसऱ्या दिवशीं झाडाखालीं साळुंकीचें, बुलबुलाचें, होल्याचें किंवा पिंगळ्याचें पिल्लूं आढळतें, आणि कोणी तरी कनवाळू मुलगा अगर मुलगी त्याला ओंजळींत धरून घरीं आणते.

विद्यार्थिमित्रहो, त्या ओंजळीविषयीं मला आदरच वाटतो. परंतु जें पिल्लूं झाडाखालीं वांचलें असतें, तें पुष्कळदां आपल्या घरांत येऊन मरतें. असें कां होतें, आणि तें टाळावें कसें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम पिल्लाकडे नीट पाहावें. ज्याच्या अंगावर पिसें नाहींत, किंवा पिसांचीं नुसतीं खुंटें दिसत आहेत व डोळे मिटलेले आहेत, तें घरट्यांतून खरोखरच पडलेलें आहे. उलट, ज्याचें अंग पिसांनीं भरलें आहे, शेपटी मात्र आंखूड आहे, आणि जें टुणटुण उड्या मारतें, तें पडलेलें नसून घरट्याबाहेर निघालेलें आहे. बुलबुल, साळुंकी, दयाळ यांचीं पिल्लें नीट उडतां येण्यापूर्वींच घरटें सोडतात. कांहीं दिवस जमिनीवर व झुडपांत काढतात, आणि आईबाप त्यांना तेथेंच चारा भरवितात. आपल्याला ते आईबाप दिसत नाहींत, कारण आपण तेथें उभे असतों! अशा पिल्लाला उचलून आणणें म्हणजे शाळेच्या वाटेवरील धडधाकट मुलाला अनाथ समजून घेऊन जाणें होय. मांजराचें किंवा कुत्र्याचें भय असेल, तर त्याला जवळच्या झुडपाच्या सावलींत ठेवावें आणि आपण दूर व्हावें.

पिसें न फुटलेल्या पिल्लाला मात्र परत घरट्यांत ठेवलें पाहिजे. माणसाचा हात लागला कीं आई पिल्लूं टाकून देते, ही समजूत घरोघरीं आहे. ती खरी नाहीं. हाताच्या वासावरून पांखरें आपलें पिल्लूं नाकारीत नाहींत. आ वासलेली चोंच आणि भुकेची हांक यांना तीं ओ देतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढें हें क्रौर्य’ ही कविता तुमच्या आजी-आजोबांना पाठ असेल. घायाळ झालेली पक्षीण मरतां मरतां पिल्लांकडे परतते, हा तिचा विषय. कवीनें जें रंगविलें, त्याला निसर्गांत पुरेपूर आधार आहे.

घरटेंच मोडलें असेल, तर लहानशी टोपली घ्यावी. तिच्या बुडांतून पाणी निथळलें पाहिजे. आंत वाळलेलें गवत घालून ती त्याच झाडाला, सावलीच्या बाजूस, मांजर पोंचणार नाहीं अशा उंचीवर घट्ट बांधावी. मग लांबून तास-दोन तास पाहत राहावें; बहुधा आई येतेच. पावसाळ्यांत सुगरणीचा खोपा तुटून पडला, तर तो पिल्लांसह तसाच फांदीला बांधतां येतो. (असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्यामुळें हा खोपा साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला, तो विणतो मात्र नर, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.)

आतां खऱ्या जखमी पिल्लाविषयीं. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मांजराच्या तोंडांतून सोडविलें असेल, किंवा आईबाप मेल्याची खात्री असेल, तरच पिल्लूं हातीं घ्यावें. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकें पाडून तळाशीं मऊ सुती कापड घालावें, पिल्लूं आंत ठेवून झांकण लावावें, आणि खोकें शांत जागीं ठेवावें. अंधारानें त्याची भीति उतरते. उघड्या अंगाच्या पिल्लाला ऊब लागते हें खरें. पण आमच्या मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालीं तें थंडीनें नव्हे, उकाड्यानें मरेल.

यानंतरची चूक बहुधा घरच्या मायेनें होते. चोंच उघडून पाण्याचे थेंब सोडले जातात. पांखराच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. वरून ओतलेलें पाणी तींत उतरून पिल्लूं गुदमरतें. दूध तर मुळींच देऊं नये. तें पचविण्याची शक्ति पांखरांत नसते. पोळी-भात हाही त्यांचा आहार नव्हे. दाणे टिपणारी चिमणीदेखील पिल्लांना अळ्या व किडे भरविते. होला आपल्या गळ्याच्या अन्नपिशवींत तयार होणारा दुधासारखा रस पाजतो. पिंगळ्याच्या पिल्लाला हाडांसकट भक्ष्य लागतें. नुसत्या मांसावर वाढविलें तर चुन्याच्या अभावीं त्याचीं हाडें वांकतात. इतकी विद्या आपल्या स्वयंपाकघरांत नसते.

मांजराच्या दाताची जखम टांचणीच्या टोंकाएवढी असली, तरी तींतून शिरलेले जंतु दोन-तीन दिवसांत प्राण घेऊं शकतात. म्हणून असें पिल्लूं वरून ठीक दिसलें तरी त्याच दिवशीं पशुवैद्याकडे गेलें पाहिजे. मोडलेल्या पंखाला घरीं काडी बांधूं नये. पांखराचें हाड माणसाच्या हाडापेक्षां फार लवकर जुळतें, आणि वांकडें जुळलें तर वांकडेंच राहतें. मग जीव वांचला तरी आकाश गेलें.

मोशेच्या नियमशास्त्रांत घरट्याविषयीं एक आज्ञा आहे. पिल्लें घेतलीं तरी त्यांच्यावर बसलेली आई घेऊं नये, तिला जाऊं द्यावें. आपल्या देशाचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा याहून पुढें गेला आहे. रानपांखराचें पिल्लूंही घरीं पाळणें हा त्याप्रमाणें अपराध होय, आणि पिंजऱ्यांतील आपला देशी पोपट यांतून सुटत नाहीं. पालकांनीं हें विशेष ध्यानीं घ्यावें. जखमी पिल्लूं सांपडल्यास वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावें, आणि तें त्यांच्या स्वाधीन करावें.

कायदा बाजूस ठेवला, तरी पाळूं नये यास दुसरें कारण आहे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनीं १९३५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें कीं, अंड्यांतून निघालेलें कलहंसाचें पिल्लूं प्रथम जो हलता जीव पाहतें, त्यालाच आई मानून त्याच्या मागें चालूं लागतें. खुद्द लोरेन्झ यांच्या मागें अशीं पिल्लें रांगेनें चालत. पुढें १९७३ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. सर्व पांखरांत हा संस्कार इतका झटपट होत नाहीं. तथापि एकट्यानें, माणसाच्या हातून वाढलेलें पिल्लूं आपल्या जातीला परकें होतें. खांद्यावर येऊन बसणारी साळुंकी शेजाऱ्यांना मोठी कौतुकाची वाटते. पण जिला माणसाचें भय उरलें नाहीं, तिला गलोलीचेंही भय उरत नाहीं.

पिंगळ्याविषयीं वेगळें सांगावेंसें वाटतें, कारण घुबडाच्या जातीचें पिल्लूं दिसलें कीं अपशकुन म्हणून दगड उचलणारे हात अजून आहेत. खानदेशानें तरी असें करूं नये. आपल्या सातपुड्यांत रानपिंगळा नांवाचा एक छोटा घुबड राहतो. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८८४ मध्यें खानदेशांत त्याचा नमुना मिळविला, आणि त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें हा पक्षी कोणाही अभ्यासकास खात्रीनें दिसला नाहीं. १९१४ चा म्हणून एक नमुना दाखविला जात असे. तो चोरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचें अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनीं उघडकीस आणलें. मग त्यांनींच आपल्या सोबत्यांसह नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळच्या रानांत जिवंत रानपिंगळा पाहिला. शहादा त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होता. १९९८ पासून तो नंदुरबारांत आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ बिनठिपक्यांचें असतें. दोघेही झाडांच्या ढोलींत अंडीं घालतात. सातपुड्याच्या पायथ्याशीं वाळलेलें झाड तोडलें जातांना ढोलींतून जें पिल्लूं खालीं पडतें, तें या दोहोंपैकीं कोणाचें, हें दगड मारणाऱ्याला कळत नाहीं.

बरें झालेलें पिल्लूं केव्हां सोडावें, हें वनखात्याची माणसें व पशुवैद्य ठरवितात. परंतु त्यांची परीक्षा कोणती, तें तुम्हांस ठाऊक असावें. तें न थकतां उडालें पाहिजे, आपलें भक्ष्य आपण मिळविलें पाहिजे, त्याचीं पिसें पाण्यानें लगेच भिजतां कामा नयेत, आणि माणूस जवळ येतांच तें दूर पळालें पाहिजे. ही शेवटची गोष्ट ज्यानें त्याची सेवा केली त्याला थोडी लागते. शक्य तों जेथें सांपडलें तेथेंच, वारा-पाऊस नसतां, दिवसा उडणाऱ्या पांखराला सकाळीं आणि घुबडाला दिवेलागणीला सोडावें. हवेंत उंच फेंकण्याची कांहीं उत्साही मंडळींची रीत वाईट. भांबावलेलें पांखरूं आदळतें, नाहीं तर कावळ्यांच्या तावडींत सांपडतें. खोकें झाडाजवळ उघडून ठेवावें आणि सर्वांनीं मागें सरावें. पिंगळा कधीं कधीं अर्धा तास खोक्याच्या कांठावर नुसता बसून राहतो, मान वळवून इकडे-तिकडे पाहतो, आणि मग आवाज न करतां निघून जातो.