कारखान्याचे दान आणि कारखान्याचे देणे



आपल्या मुरुड तालुक्यात, रेवदंड्याच्या खाडीवर, साळावला लोखंडाचा कारखाना आहे. अलिबागजवळ थळला खतांचा, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा आणि पेणजवळ डोलवीला पोलादाचा आहे. आपल्या वस्तीतली कित्येक मुले अशाच एखाद्या फाटकातून आत जातात, पुष्कळदा ठेकेदाराच्या पासवर. शाळेच्या बाकावर किंवा आरोग्य शिबिराच्या फलकावर 'सी.एस.आर.' ही अक्षरेही आपण वाचतो. सी.एस.आर. म्हणजे उद्योगसंस्थेचे सामाजिक उत्तरदायित्व. फलकामुळे हा दानधर्म आहे असा समज होतो. विद्यापीठांतील अभ्यास काय सांगतो ते आज पाहू.

१९५३ मध्ये हॉवर्ड बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून विचारले की, व्यापाऱ्याच्या निर्णयांचे परिणाम सर्व समाजाला भोगावे लागतात, तर समाजाप्रति त्याची जबाबदारी कोणती? १९७० मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी उलट बाजू मांडली : नियम पाळून नफा कमवावा, एवढीच धंद्याची जबाबदारी. पुढे आर्ची कॅरोल यांनी १९७९ मध्ये जबाबदारीचे चार थर सांगितले आणि १९९१ मध्ये त्यांचा मनोरा काढून दाखविला. तळाशी आर्थिक, त्यावर कायद्याची, त्यावर नीतीची, आणि टोकाला परोपकाराची. दानाला कॅरोल इतर तिन्हींपेक्षा कमी महत्त्वाचे मानतात. पायाशिवाय कळस चढत नाही, हे आपल्यातल्या गवंड्याला कोणी शिकवावे लागत नाही!

आंतरराष्ट्रीय मानकांचेही तेच आहे. आय.एस.ओ. २६००० हे मानक २०१० साली निघाले. त्यात सात मुख्य विषय आहेत. मानवी हक्क, कामगारांशी वागणूक, पर्यावरण, ग्राहक हे त्यांपैकी काही. गावाचा विकास हा सातांतला केवळ एक. हे मानक मार्गदर्शनापुरते आहे, त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. कोणी तसे प्रमाणपत्र भिंतीवर लावले असेल तर खुशाल विचारा.

आता आपल्या देशाचा कायदा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, हा १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची आहे आणि त्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावयाचे आहे. यातली महत्त्वाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. स्वतःच्याच कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही. दुसऱ्या कायद्याने जे करणे भागच आहे, तेही धरता येत नाही. म्हणजे किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, जमिनीचा कायदेशीर मोबदला हे देणे आहे. ते दान म्हणून कोणी सांगू लागले तर ऐकून घेऊ नका.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली ती अशीच आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. पाचही देणीच.

मुंबईच्या गिरण्या आठवा. कोकणातली घरेच्या घरे तिकडे गेली. गिरणीमालकांच्या देणग्यांतून मुंबईत इस्पितळे उभी राहिली, हे खरे. परंतु त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जेथे पगार बरा होता, अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि सोबतच्या कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी असा आग्रह धरला. इस्पितळाच्या पाटीवरून खात्यातला मज्जाव कळत नव्हता.

आज कळण्याची सोय थोडी वाढली आहे. २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार जबाबदारीचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम कामगार किती, कंत्राटी किती, किमान वेतन किती जणांना, अपघात किती झाले, हे आकड्यांत असते. कंपनीच्या संकेतस्थळावर तो मिळतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी तो उतरवून घ्यावा आणि रविवारी विहारात वंदनेनंतर मोठ्याने वाचावा. आपल्याकडच्या कारखान्याचा आकडा आणि आपल्या घरातल्या कामगाराचा अनुभव जुळतो का ते ताडावे. न जुळल्यास ग्रामसभेत लेखी विचारावे. एक लक्षात असू द्या : कामगारांच्या त्या तक्त्यात स्त्री-पुरुषांचे रकाने आहेत, अपंगांचे आहेत. जातीचा रकाना नाही. कोणत्या खात्यात आपली किती माणसे आहेत आणि कोणत्या खात्यात एकही नाही, ही मोजणी आपल्यालाच घरोघरी फिरून करावी लागेल.