मनगटावरची दोन बोटे



आजच्या पाठात आपण एका लहानशा सवयीचा विचार करणार आहोत. जीव घाबरला की काही जण लगेच मनगट धरतात आणि नाडीचे ठोके मोजतात. ठोके नीट वाटले की हायसे वाटते. थोड्या वेळाने पुन्हा शंका येते आणि बोटे पुन्हा मनगटावर जातात. वरवर पाहता यात काही वाईट दिसत नाही. पण या सवयीने माणूस किती अडकतो, हे मी स्वतः अनुभवले आहे, म्हणूनच हे लिहितो.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा घरोघरी ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमटा लावला की दोन आकडे दिसायचे, एक प्राणवायूचा आणि दुसरा नाडीचा. प्राणवायू ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांकडे जायचे, हे लहान मुलांनाही पाठ झाले होते. त्या वेळी मोजणे योग्यच होते. पण लाट ओसरली तरी माझे मोजणे थांबले नाही. दुसऱ्या आकड्याने मला धरून ठेवले. पेणहून रोह्याला जाताना नागोठण्याजवळ गाडी बाजूला घेऊन मी ठोके मोजत असे. प्रवचनाच्या आधी झग्याच्या बाहीत बोटे जात. दिवसातून तीस-चाळीस वेळा हे चाले.

एके दिवशी मी एका विधवा भगिनीच्या घरी सांत्वनासाठी गेलो होतो. ती आपल्या पतीच्या शेवटच्या रात्रीविषयी सांगत होती. तिचे बोलणे संपले तेव्हा माझ्या लक्षात एकच गोष्ट राहिली होती, ९६ हा आकडा. ती बोलत होती आणि मी माझी नाडी मोजत होतो. तिचे निम्मे बोलणे मी ऐकलेच नव्हते. त्या दिवशी मला माझी लाज वाटली आणि मी डॉक्टरांकडे गेलो.

नाडी काय सांगते?

तपासणीत हृदयात दोष निघाला नाही. डॉक्टरांनी जे समजावले ते थोडक्यात असे. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. ती घड्याळासारखी एकसारखी चालत नाही. श्वास घेताना थोडी जलद होते, सोडताना थोडी मंदावते. उभे राहिलो, जिना चढलो, चहा घेतला, ताप आला की वाढते. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे हे निरोगी माणसांतही आढळते आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असते.

आता गंमत पाहा. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलीन सुटते आणि ठोके वाढतात. आपण घाबरून मनगट धरतो तेव्हा नाडी जलद लागणारच. ती जलद लागली म्हणून भीती वाढते, आणि भीती वाढली म्हणून नाडी आणखी जलद होते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे आपले वाडवडील म्हणत, ते उगाच नाही.

मग सवय सुटत का नाही? कारण मोजल्यावर क्षणभर बरे वाटते. मन त्यातून चुकीचा धडा शिकते: ‘मोजले म्हणून वाचलो.’ खरे तर न मोजताही आपण वाचणारच होतो, पण ते अनुभवण्याची संधी मनाला मिळतच नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ओली मूर्ती वाळत ठेवतात. ती वाळली की नाही हे कोणी दर पाच मिनिटांनी बोटाने दाबून पाहू लागला, तर मूर्तीवर नुसते ठसे उठतील. आपल्या मनाचे तसेच होते.

दोन जुनी उदाहरणे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इमॅन्युएल कांट वाचला होता, पण त्याची एक गोष्ट मला फार उशिरा उपयोगी पडली. कांटची छाती सपाट आणि अरुंद होती. हृदयाला आणि फुप्फुसांना जागा कमी पडते असे त्याला वाटे, आणि तरुणपणी तो या चिंतेने जीवनाला जवळजवळ कंटाळला होता. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्याने याविषयी लिहिले आहे. छातीतला दाब त्याचा कधी गेला नाही, पण त्याने आपले लक्ष त्यावरून काढून कामाकडे वळवले. तो वयाच्या ८० व्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत जगला. छाती शांत झाल्यावर काम सुरू करू, असे म्हणत तो थांबला नाही. छातीत दाब असतानाच त्याने काम केले.

दुसरे उदाहरण संत इग्नेशियस यांचे. १५२२ च्या सुमारास मानरेसा येथे त्यांना जुन्या पापांविषयी शंका छळू लागल्या. पापनिवेदन झाले तरी काही राहिले असेल असे वाटे, आणि ते पुन्हा पुन्हा तेच सांगत. अतिशय स्पष्ट असल्याखेरीज गतकाळातले काही सांगू नये, असे त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांना बजावले. मनगट काय किंवा विवेकबुद्धी काय, शंभर टक्के खात्री मागत बसलो तर तपासणीला अंत नाही.

सवय मोडण्याच्या पायऱ्या

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसतज्ज्ञांनी अशा कृती रोखून धरण्याच्या उपचाराविषयी लिहिले. आज मनोविकारतज्ज्ञ वापरतात ती पद्धत त्याच वाटेची आहे. माझ्या उपयोगी पडलेल्या पायऱ्या अशा:

१. आधी एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. रक्तक्षय किंवा थायरॉइड यामुळेही धडधड होते. तपासणी झाली की तिच्यावर विश्वास ठेवा. तीच तपासणी दर महिन्याला नवीन डॉक्टरांकडे करू नका.

२. आठवडाभर वहीत खुणा करा. ठोक्यांचा आकडा लिहायचा नाही. मोजावेसे कधी आणि कुठे वाटले एवढेच लिहायचे.

३. मोजावेसे वाटले की पाच मिनिटे थांबा. पुढे दहा, मग वीस. भिऱ्याच्या वीजकेंद्राचे पाणी सुटले की कोलाडजवळ कुंडलिका चढते आणि मग ओसरते. काठावरची माणसे त्यासाठी काही करत नाहीत. भीतीही चढते आणि आपोआप ओसरते. ती ओसरताना एकदा पाहिली की पुढच्या वेळी थोडे सोपे जाते.

४. ऑक्सिमीटर आणि ठोके दाखवणारे घड्याळ कपाटात ठेवा.

५. सवयीला मागचे दार उघडू नका. ‘माझा चेहरा कसा दिसतो?’ असे घरच्यांना विचारणे, मोबाइलवर लक्षणे शोधणे, गळ्याशी हात नेणे, हीसुद्धा मोजणीच आहे.

६. धडधड होईल म्हणून जिना किंवा चालणे टाळू नका. डॉक्टरांची हरकत नसेल तर मुद्दाम चाला. ठोके वाढले तरी काही बिघडत नाही, हे शरीराला कळू द्या.

प्रार्थनेविषयीही एक सांगतो. धडधड थांबावी म्हणून मी रोझरी घेत असे आणि प्रत्येक दशकानंतर ती थांबली का हे पाहत असे. मग ती प्रार्थनाही मोजणीच झाली. आता मी मण्यांवर माणसांची नावे घेतो. धडधड असेल तर असो.

घरच्यांना विनंती आहे की चेष्टा करू नका. पण दर वेळी ‘काही नाही झाले’ असेही सांगत बसू नका. ‘घाबरला आहेस हे कळते, चल, बाहेर बसू,’ एवढे पुरे.

केव्हा थांबू नये?

हे सारे तपासणी झालेल्यांसाठी आहे. छातीत दुखणे किंवा दाब, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, दम लागणे, चक्कर येऊन पडणे, असे झाले तर सवय मोडण्याचा विचार बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. शांत बसूनही नाडी बराच वेळ फार जलद किंवा सतत अनियमित राहिली तरी डॉक्टरांना दाखवा. ज्यांना डॉक्टरांनीच नाडी पाहायला सांगितली आहे त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाहावी, त्याहून जास्त नाही. भीती आवरत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली आणि तेथे मराठीतही बोलता येते. औषध घ्यावे लागले तर त्यात विश्वासाची उणीव नाही.

माझी सवय पूर्ण गेली असे म्हणणार नाही. महिन्यातून एखादे वेळी बोटे मनगटाकडे जातात. काही महिन्यांनी मी त्या भगिनीच्या घरी पुन्हा गेलो, खरे काय झाले होते ते तिला सांगितले आणि क्षमा मागितली. तिने ती रात्र मला पुन्हा सांगितली. या वेळी मी दोन्ही हातांत चहाचा कप धरून बसलो होतो.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी

१. खात्री व्हावी म्हणून मी कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा तपासतो? नाडी, कडी, गॅस, की कोणाचे प्रेम?

२. तपासताना माझ्यासमोरच्या कोणाचे बोलणे ऐकायचे राहून जाते?

आपला धर्मगुरू