सुट्टीला आलेली मुलं आणि घरातली क्रियापदं



जुलै महिना लागला की आमच्या वाडीत दोन-चार नवीन मुलं दिसायला लागतात. पायात पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली आणि चिखलात पाय कुठे ठेवायचा हा चेहऱ्यावर प्रश्न. कोणी दुबईहून आलेलं असतं, कोणी मस्कतहून. तुमच्याही गावात किंवा सोसायटीत अशी मुलं येत असतील. कदाचित तुम्ही स्वतःच परदेशात राहत असाल आणि सुट्टीला येणारी ती मुलं तुमचीच असतील. आजचा पाठ या मुलांच्या मराठीबद्दल आहे. पण तो आपल्या वर्गातल्या मुलांनाही तितकाच लागू पडतो, ते पुढे येईलच.

सुट्टी त्यांची, शाळा आपली

आखाती देशांतल्या भारतीय शाळांचं वर्ष साधारण एप्रिलमध्ये सुरू होतं, पण मोठी सुट्टी मिळते जुलै-ऑगस्टमध्ये, कारण त्या दिवसांत तिकडचं ऊन सोसत नाही. आपल्याकडे तर जूनच्या मध्यातच शाळा भरलेल्या असतात. म्हणजे ही मुलं येतात तेव्हा आंबे संपलेले, भावंडं शाळेत गेलेली आणि बाहेर धो धो पाऊस. दिवसभर घरात आजी, आजोबा आणि ती. सुट्टी फुकट गेली असं आईवडिलांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

माझे दीर शारजात नोकरीला आहेत. गेल्या वर्षी जाऊबाई आणि नऊ वर्षांचा पुतण्या सहा आठवडे आमच्याकडे चिपळूणजवळच्या घरी राहिले. विमानाने मुंबईपर्यंतचे तीन तास पटकन गेले, पण पुढे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक! गाडी हळू, त्यात उशीर. पोरगा घरी पोचला तो पेंगतच.

मला काय काय दिसलं?

पुतण्या मराठी बोलत होता, याचं आधी कौतुक करते. त्याच्या शाळेत इंग्रजी, हिंदी आणि अरबी, आणि मित्रांशी बोलायला हिंदी-इंग्रजीची भेळ. मराठी फक्त घरात. तरी तो बोलत होता. पण शिक्षिकेचे कान काही गप्प बसत नाहीत. तीन गोष्टी माझ्या लक्षात आल्या.

एक, तो "मी येते", "मी जेवते" असं म्हणायचा. माझी मुलं खो खो हसली आणि तो ओशाळला. यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. वडील सकाळी लवकर जातात आणि रात्री उशिरा येतात, त्यामुळे त्याच्या कानावर पडणारी मराठी म्हणजे आईची मराठी. आई "मी येते" म्हणते, म्हणून तोही "मी येते" म्हणतो. त्याने भाषा अगदी नीट ऐकली होती, फक्त एकाच माणसाकडून ऐकली होती.

दोन, त्याच्याकडे नामं भरपूर होती, क्रियापदं मात्र मोजकीच. प्रत्येक कामाला 'कर' लावून तो मोकळा व्हायचा. भाजी कट कर, कपडे वॉश कर, लाइट ऑफ कर.

तीन, आणि हे जरा लागलं. पहिल्याच रात्री तो अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "आजोबा, तुमच्या घरी पंखा खूप हळू फिरतो." अण्णा हसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "तुमच्या घरी म्हणाला गं तो." बस्स, एवढंच.

आता व्याकरणाने बघा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. समोरच्याला वगळून बोलायचं तर आम्ही, समोरच्याला धरून बोलायचं तर आपण. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही सहसा 'हम'वरच भागतं. म्हणून ही मुलं इथे अडखळतात असं मी आधी समजले. पण त्याचं वाक्य चुकलेलं नव्हतं. त्याच्या अनुभवात हे घर खरंच आजोबांचं होतं. तो दोन वर्षांतून एकदा येणारा पाहुणा. चूक भाषेची असती तर मी वहीवर सुधारली असती.

माझी चूक

तरीही मी वहीच काढली! शिक्षकी पेशा, दुसरं काय. रोज दहा ओळी शुद्धलेखन, एक बाराखडी, पाच समानार्थी शब्द. चौथ्या दिवशी वही गायब. सासूबाईंना ती तांदळाच्या पिंपामागे सापडली. त्यांनी मला ती गुपचूप दिली आणि म्हणाल्या, "सुट्टीला आलंय ना पोर?"

त्याच दुपारी लाइट गेली. टॅबलेट बंद, टीव्ही बंद. श्रावणाचे दिवस होते. सासूबाई मोड आलेले कडवे वाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी परात त्याच्यापुढे सरकवली. वाल दोन बोटांत दाबला की सालातून टुणकन बाहेर उडतो. झालं, तासभर पोरगा हलला नाही. आजी बोलत होती: "काल रात्री भिजत घातले, मग उपसले, फडक्यात बांधून ठेवले, तेव्हा मोड आले. आता सोलायचे. साल टाकू नकोस, वेगळी ठेव."

मी दारात उभी राहून मोजत होते. भिजत घालणे, उपसणे, बांधणे, मोड येणे, सोलणे. एका परातीत पाच क्रियापदं, आणि माझ्या वहीत चार दिवसांत एकही नाही.

काम तसं क्रियापद

आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. बघा:

• भांडी घासतो आणि विसळतो, कपडे धुतो आणि पिळतो, फरशी पुसतो, चूळ भरतो.
• भाजी निवडतो आणि चिरतो, नखं कापतो, शेंगा सोलतो, नारळ फोडतो, खोबरं खवतो.
• कणीक मळतो, पोळी लाटतो, भाकरी थापतो, पापड भाजतो, पुरी तळतो, डाळ शिजवतो.
• सदरा घालतो, साडी नेसतो, चादर पांघरतो.

हे शब्द पाठ करून येत नाहीत. जो पोळी लाटत नाही, निदान लाटताना शेजारी बसत नाही, त्याला 'लाटणे' कशाला लागेल? परदेशातल्या घरात भांडी यंत्रात जातात, भाजी चिरलेली मिळते, मूल शाळा आणि क्लासमध्ये अडकलेलं असतं. घरातलं काम त्याच्या हातून सुटलं की त्या कामाचा शब्दही सुटतो. राहतं ते 'कर'.

पुढच्या आठवड्यात अण्णा त्याला लावणीला घेऊन गेले. तरवा उपटायचा, जुडी बांधायची, चिखलात रोप खोचायचं. अण्णा सारखं बोलत होते: "मी आधी पुढे जातो, तू मागून ये. मी बांधावर बसतो जरा." पंधरा दिवसांत पुतण्याचं "मी येते" जाऊन "मी येतो" झालं. कोणी सुधारलं नाही, फक्त एका पुरुषाचं बोलणं रोज कानावर पडलं.

परदेशातल्या पालकांसाठी: रोजचा पाठ

१. एक काम मराठीत ठरवा. सगळा दिवस मराठी बोलायचा संकल्प दोन दिवस टिकतो, हे आपल्याला माहीत आहे. त्यापेक्षा सुट्टीच्या सकाळचे पोहे मुलासोबत करा. पोहे भिजवायचे, कांदा चिरायचा, फोडणी द्यायची, परतायचं, वाफ आणायची, वरून खोबरं पेरायचं. मुलाच्या हातात एक तरी काम हवंच. नुसतं बघणं पुरत नाही.

२. चुकीला हसू नका, लगेच थांबवूही नका. मुलगा "मी येते" म्हणाला तर "तू येतोस? चल मग," एवढं म्हणा. बरोबर रूप कानावर पडलं की काम झालं.

३. बाबांनी वाटा उचलावा. रात्री झोपताना पंधरा मिनिटं, दिवसभरात मी काय केलं हे बाबांनी सांगायचं: मी उठलो, निघालो, अडकलो, दमलो. मुलग्यांना ही रूपं दुसरीकडून मिळत नाहीत. घरात बाबाच जास्त बोलत असतील तर मुलीसाठी आईने हेच करावं.

४. फोनचा विषय बदला. अमिरातीचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. २०२२ पासून तिकडेही शनिवार-रविवार सुट्टी झाली आहे, आधी शुक्रवार-शनिवार असायची. म्हणजे रविवारी दोन्ही घरं मोकळी असतात. तरी फोन दोन मिनिटांत का संपतो? कारण प्रश्न ठरलेले: "जेवलास का? अभ्यास कसा चाललाय?" उत्तरही ठरलेलं: "हो", "बरा". त्याऐवजी दोन्हीकडे हातात काम घेऊन फोन लावा. इकडे आजी लसूण सोलतेय, तिकडे नातू मटार सोलतोय. मग बोलणं आपोआप निघतं.

आपल्या वर्गासाठी उपक्रम

हाच पाठ मी चौथीच्या वर्गात घेतला. मुलांना सांगितलं, संध्याकाळी घरात अर्धा तास बसा आणि ऐकू येतील ती क्रियापदं लिहून आणा. शेजारी ते काम कोणी केलं तेही लिहा. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला: वाटणे, कुटणे, पाखडणे, शेणाने सारवणे, दावं सोडणे. पण 'कोणी केलं' हा रकाना वाचताना मीच विचारात पडले. स्वयंपाकघरातल्या कामांपुढे बहुतेक 'आई', 'आजी', 'ताई'. मुलगे तर कितीतरी शब्द पहिल्यांदाच ऐकत होते. शारजाला जायची गरजच नाही, घरातल्या घरातही मूल परदेशी असू शकतं. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ मी तिथल्या तिथे बदलला: यादीतलं एक काम स्वतः करून या. हा उपक्रम भाषेसोबत परिसर अभ्यासालाही जोडता येईल.

जाता जाता

वर्षभर आमचा रविवारचा फोन चालू आहे. पुतण्याची मराठी एकदम सुधारली असं मी म्हणणार नाही. लिहायचा कंटाळा आहेच, 'ळ' अजून निसटतो. पण या जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या रविवारी त्याने अण्णांना विचारलं, "आजोबा, आपल्या घरी पागोळ्या लागल्या का?"

अण्णा म्हणाले, "लागल्या रे बाळा." मग फोन माझ्या हातात देऊन ते पडवीत जाऊन बसले.

तुमच्या घरातलं कुठलं काम मुलाच्या हातात देण्यासारखं आहे? आज संध्याकाळी एक द्या आणि त्यासोबत किती क्रियापदं येतात ते मोजा.